नाइट आणि बॅरोनेट: एकाच ‘सर’मागचे दोन वेगळे मान

ब्रिटिश अमदानीतील मुंबईविषयी वाचताना सर जमशेटजी जीजीभाई, सर दिनशा पेटिट, सर फिरोजशहा मेहता आणि सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे एका पंगतीत येतात आणि चौघांनाही एकच किताब मिळाला होता, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मेहता आणि भांडारकर नाइट होते, तर जीजीभाई आणि पेटिट आधी नाइट आणि नंतर बॅरोनेट झाले. दोन्ही मानांत नावाआधी ‘सर’ लागते आणि पत्नीला ‘लेडी’ म्हणतात, म्हणून हा घोळ होतो.

नाइट हा मान व्यक्तीचा असतो. मध्ययुगात तो घोडेस्वार योद्ध्याचा दर्जा होता. राजाने गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या खांद्यांना तलवार टेकवण्याचा विधी त्याच काळाची आठवण आहे. पुढे न्यायाधीश, विद्वान, व्यापारी आणि प्रशासक यांनाही तो मिळू लागला. भांडारकरांना 1911 मध्ये ‘के.सी.आय.ई.’ (नाइट कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर) हा मान मिळाला आणि ते ‘सर’ झाले. त्याच मालिकेतील खालची पायरी असलेला ‘सी.आय.ई.’ (कम्पॅनियन) त्यांना त्याआधीच मिळाला होता, परंतु त्या पायरीने ‘सर’ लागत नाही. नाइटचा मान त्याच्याबरोबरच संपतो. भांडारकरांचे पुत्र देवदत्त हे स्वतः मोठे पुरातत्त्वज्ञ होते, तरी वडिलांचा किताब त्यांच्याकडे आला नाही.

बॅरोनेटपद मात्र घराण्याचे असते आणि सामान्यतः पित्याकडून ज्येष्ठ पुत्राकडे जाते. त्याचा उगमही शौर्यात नाही. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने 1611 मध्ये हे पद निर्माण केले, तेव्हा आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात तीस सैनिक तीन वर्षे पोसण्याइतकी, म्हणजे 1095 पौंड रक्कम ते घेणाऱ्याकडून अपेक्षित होती. वंशपरंपरागत असूनही बॅरोनेट हा उमराव नव्हे आणि केवळ या पदामुळे त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आसन मिळत नाही. आपल्याकडे बॅरोनेटपद म्हणजे नाइटपदाचीच वरची श्रेणी, असे लिहिलेले आढळते. ते मला चुकीचे वाटते, कारण मानक्रमात बॅरोनेट सामान्य नाइटच्या वर असला, तरी एक मान कर्तृत्वाची नोंद आहे आणि दुसरा वारसाहक्काची.

हा फरक जीजीभाईंच्या घराण्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल. जमशेटजी 1842 मध्ये नाइट झाले आणि 1857 मध्ये बॅरोनेट. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून 1845 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे तेव्हाचे त्यांचे ‘लेडी जमशेटजी’ हे संबोधन नाइटपदामुळे होते, कारण बॅरोनेटपद मिळायला अजून बारा वर्षे होती. जमशेटजी 1859 मध्ये वारले आणि पुत्र कर्सेटजी दुसरे बॅरोनेट झाले. त्यानंतर 1860 मध्ये या घराण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने पदाचा इतमाम राखण्यासाठी सरकारी रोख्यांचा निधी आणि माझगावचा वाडा पदाशी जोडला, आणि प्रत्येक वारसाने ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करावे, असेही ठरवले. त्यामुळे 1859 नंतरच्या कागदपत्रातील ‘सर जमशेटजी जीजीभाई’ म्हणजे जे. जे. रुग्णालयाला देणगी देणारे मूळ दाते, असे धरून चालणे धोक्याचे आहे. वर्ष पाहिल्याशिवाय कोणत्या पिढीचे जमशेटजी, हे कळत नाही.

पेटिट घराण्यातही तसेच घडले. गिरण्या उभारणारे दिनशा माणेकजी पेटिट 1887 मध्ये नाइट आणि 1890 मध्ये बॅरोनेट झाले. त्यांच्या मागून त्यांचे नातू जीजीभाई फ्रामजी हे ‘सर दिनशा माणेकजी पेटिट’ या नावाने दुसरे बॅरोनेट झाले. महंमद अली जिना यांच्याशी विवाह केलेल्या रतनबाईंचे वडील हेच दुसरे सर दिनशा. अनेक लेखांत आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात.

इंग्लंडमध्येही नवी बॅरोनेटपदे आता जवळजवळ बंद झाली आहेत. पंतप्रधान राहिलेल्या मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस थॅचर यांना 1990 मध्ये एक जाहीर झाले आणि 2003 मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्र मार्क ‘सर’ झाले. त्यासाठी त्यांना स्वतंत्र सन्मान मिळावा लागला नाही.

टाटांच्या घरात याच्या उलट घडले. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र रतन यांना 1916 मध्ये नाइटचा किताब मिळाला, म्हणून त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीत आजही ‘सर’ आहे. त्यांच्या पत्नीने दत्तक घेतलेल्या नवल टाटांना तो वारशाने मिळाला नाही, आणि नवल यांचे पुत्र रतन टाटा यांना 2009 आणि 2014 मध्ये ब्रिटनने दिलेले मान परदेशी नागरिकासाठीचे मानद असल्यामुळे त्यांच्याही नावाआधी ‘सर’ लावणे बरोबर ठरत नाही.