पेटीशी न जुळणारी क्लॅरिनेट: पार्श्वभूमी

गोव्यात जत्रेच्या नाटकाला किंवा भजनाला एखादी जुनी क्लॅरिनेट पेटीशेजारी आली, की काळी पाच धरूनही सूर बोचतो. बोल वादकाला लागतात. दोष मात्र बहुतेकदा नळीचा असतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूरेंबर्गमध्ये आकाराला आलेल्या या वाद्याची नळी सरळ, सारख्या व्यासाची, पत्तीच्या बाजूनं बंद. म्हणून खालच्या सा ची बोटं ठेवून मागची चावी दाबली तर वरचा सा नाही, त्याच्याही पुढचा पंचम लागतो. चावीखालचं बारीक भोक आणखी एका स्वरालाही वापरतात, त्यामुळे ते कुठल्याच कामाला नेमक्या जागी नसतं. 1839 मध्ये पॅरिसला नवी चावीरचना लोकांपुढे आली, तेव्हाही ही तडजोड तशीच राहिली.

खरा घोळ पट्टीचा. फ्रान्सनं 1859 मध्ये पांढरी सहा सेकंदाला 435 कंपनांवर बांधली. इंग्लंडात ती 452 च्या आसपास चढली होती. 1890 च्या दशकात तिथल्या वाद्यवृंदांनी ती उतरवली, पण लष्करानं सगळी वाद्यं बदलण्याचा खर्च नको म्हणून चढी पट्टीच धरून ठेवली, थेट 1920 च्या दशकाअखेरपर्यंत. हा हट्ट महागात पडला. पॅरिशच्या शाळेत नोटेशन शिकून गोंयकार वादक ज्या ब्रिटिश हिंदुस्थानात बँडची नोकरी करायला गेले, तिथल्या लष्करी बँडची पट्टी हीच. 440 वर लंडनमध्ये एकमत झालं ते 1939 मध्ये.

चढ्या पट्टीची क्लॅरिनेट आजच्या पेटीपेक्षा जवळपास अर्ध्या सेमीटोननं वर बोलते. म्हणजे तिची काळी पाच ना काळी पाच, ना पांढरी सात. यावर बॅरल, म्हणजे तोंडाकडच्या तुकड्याखालचा आखूड जोड, ओढायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चालत नाही, कारण सगळ्यात खालच्या स्वराला सुमारे 16 ते 17 मिलिमीटर वाढ हवी आणि सगळी भोकं उघडी ठेवून निघणाऱ्या स्वराला जेमतेम 7. बॅरल तर सगळ्यांना सारखीच लांबी देतो. एक स्वर जुळला की दुसरा सुटतो. त्यात मे महिन्यात मांडवात हवा तापली की क्लॅरिनेट आणखी चढते, पेटी जागची हलत नाही.

जुनी घेताना 'एचपी' (हाय पिच, म्हणजे चढी पट्टी) शिक्का बघावा. शिक्का झिजलेला असला तर माउथपीस काढून लांबी मोजावी. चढ्या पट्टीची नळी नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर आखूड भरते.