टी-सेलला पाटी वाचता येत नाही, तिथून सुरुवात

निपाणीच्या मामांनी परवा व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड पाठवला आणि लगेच फोनच केला, "एक इंजेक्शन मारलं की कॅन्सर खलास म्हणं की, खरं काय रं?" मामांच्या घराला लागून तंबाखूची वखार, दोन घरं सोडून एकाला तोंडाचा कॅन्सर निघालाय, म्हणून त्यांना हो का नाही एवढंच पाहिजे होतं आणि मी अर्धा तास बोलत बसलो.

फॉरवर्डमध्ये होती ती कार-टी थेरपी. इंजेक्शन कसलं, रक्त चढवतात तशी पिशवी असते, आणि त्यातलं औषध म्हणजे पेशंटच्याच पेशी.

आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी गस्त घालत असतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने दारात टांगून ठेवते आणि टी-सेल ते तपासतात. कॅन्सरच्या पेशी लबाड, त्या बऱ्याचदा नमुने टांगायचंच बंद करतात. बाहेरच्या भिंतीवर इतर पाट्या असतात की, पण त्या टी-सेलला वाचता येत नाहीत. आमच्या आज्जीचं बेळगावच्या स्टँडवर हेच व्हायचं, बसवर सगळं कन्नडात, समोर खानापूरची गाडी उभी आणि ही कंडक्टरला विचारत फिरायची.

पाट्या वाचतात त्या अँटीबॉडी, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, पण त्यांना स्वतःहून पेशी मारणं टी-सेलइतकं जमत नाही. मग अँटीबॉडीचा डोळा टी-सेलला बसवला तर? हीच कार-टी. इस्राएलच्या झेलिग एशर यांनी १९८९ मध्येच असला जोड करून दाखवला होता, पेशंटला उपयोग व्हायला मात्र पुढं वीसेक वर्षं गेली.

करतात असं, की प्लेटलेट देताना असतं तसल्या मशीनवर पेशंटला काही तास ठेवून पांढऱ्या पेशी काढून घेतात, लॅबमध्ये त्यातल्या टी-सेलमध्ये तो डोळा बनवणारा नवा जीन घालतात, आणि तो आत पोचवायला बऱ्याचदा एचआयव्हीपासूनच बनवलेला, रोग करणारे भाग काढून टाकलेला व्हायरस वापरतात. (एचआयव्ही म्हटल्यावर मामा जरा वेळ गप्पच झाले.) मग आठ-दहा दिवस त्या पेशी वाढवायच्या, विरजण लावल्यासारखं, आणि केमोचा हलका डोस देऊन शरीरात जागा केली की परत सोडायच्या. आत गेल्यावरही त्या वाढत राहतात, गोळीसारखं पोटात जाऊन संपलं असं नाही.

पण त्या खवळल्या की भयंकर ताप येतो, बीपी पडतं. अमेरिकेतली एमिली व्हाइटहेड, सहा वर्षांची, २०१२ मध्ये ब्लड कॅन्सरसाठी ही ट्रीटमेंट घेतलेलं पहिलं मूल, व्हेंटिलेटरवर गेली होती. रिपोर्टमध्ये आयएल-६ नावाचं रसायन प्रचंड वाढलेलं दिसलं. ही ट्रीटमेंट तयार करणाऱ्या टीमचे डॉ. कार्ल जून, त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात, त्यामुळं आयएल-६ अडवणारं एक संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं! ते दिलं आणि पोरगी वाचली, दहा वर्षं उलटून गेली तरी कॅन्सर परत नाही. सगळ्यांचं असं होत नाही हां, काही पेशंटमध्ये तो डोळा जी पाटी वाचतो ती पाटीच कॅन्सर उतरवून ठेवतो आणि परत येतो.

ती पाटी म्हणजे सीडी-१९ नावाचं प्रथिन. ती बी-सेलवर, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असते, चांगल्या आणि बिघडलेल्या दोन्ही, त्यामुळं दोन्ही मरतात. बी-सेल नसले तरी माणूस जगतो, गरज पडली तर अँटीबॉडी बाहेरून देतात. तोंडाच्या गाठीचं घोडं इथंच अडतं. तिच्यावर अशी पाटी सापडत नाही जी फक्त तिच्यावर आहे, जी असते ती चांगल्या कातडीवरही असते, आणि कातडी मारून कसं चालेल? शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरणं आणि तिथं टिकून राहणं टी-सेलला जड जातं.

२०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टीला मंजुरी मिळाली तेव्हा किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी. आपल्याकडं आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात येते. तरी शेत विकायची पाळी येणारच. आणि तीसुद्धा बी-सेलच्याच ब्लड कॅन्सरसाठी, तेही आधीचे इलाज फसल्यावर.

"म्हंजे आमच्या शेजाऱ्याला नाही."

"आत्ता तरी नाही मामा."

"मग ऑपरेशनची तारीख पुढं ढकलू नको म्हणून सांगतो त्याला," म्हणाले आणि फोन ठेवला.