टक्के, फूट आणि मासे: उजनीवरच्या सोनारची पार्श्वभूमी

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यावर, एखाद्या होडीत सोनारचा हाताएवढा स्क्रीन चमकताना दिसला की काठावरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मासं दिसत्यात का त्यात?’ विकणारा लगेच हो म्हणतो. वापरणारा जरा थांबून म्हणतो. या थांबण्यामागे शंभरेक वर्षांची कहाणी आहे, आणि आपल्याकडे तिच्यात उजनीच्या टक्केवारीचा घोळही मिसळला आहे.

नावापासूनच गोंधळ आहे. सोनार म्हटलं की आपल्याला सराफाची पेढी आठवते, पण हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इंग्रजी आद्याक्षरं जोडून तयार झाला. आपल्या किनारपट्टीवरच्या ट्रॉलरवाल्यांच्या तोंडी ‘फिश फाइंडर’ असतं, उजनीवर नुसतं ‘मशीन’. यातलं सगळ्यात फसवं नाव फिश फाइंडर. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, त्यावरून अंतर निघतं. आपटलेली वस्तू कटला आहे की बाभळीचं खोड, हे यंत्राला कळत नाही. ते बघणाऱ्याने ओळखायचं.

प्रतिध्वनीची खटपट १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जोरात सुरू झाली. १९१४ मध्ये उत्तर अटलांटिकात हिमनगाचा प्रतिध्वनी पकडता आला, आणि त्याच चाचणीत समुद्राच्या तळाचाही. मग पहिलं महायुद्ध आणि पाणबुड्या. मासे या सगळ्यात आगंतुकासारखे आले. खोली मोजताना तळाच्या रेषेच्या वर मधेच डाग उमटायचे, ते माशांचे निघाले. १९३५ मध्ये नॉर्वेतल्या एका संशोधकाने कॉड माशांच्या थव्यांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि परत येणारा बहुतेक आवाज तिच्यावरूनच येतो. म्हणजे यंत्राला जो काही मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातली हवा असते.

धंद्याच्या कामाचं यंत्र १९४८ साली जपानच्या नागासाकी भागात तयार झालं. दोघे भाऊ होड्यांवर विजेची कामं करत. जिथे बुडबुडे तिथे मासे, असं एका जुन्या मच्छीमाराकडून ऐकून, युद्धातून उरलेल्या खोली मोजायच्या यंत्रांवर त्यांनी प्रयोग सुरू केले. बुडबुडे बघून जाळं टाकणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

त्या काळच्या यंत्रात कागदाची गुंडाळी सरकत असे आणि सुई तिच्यावर काळ्या रेघा उठवत असे. हे सांगायचं कारण असं की आजचा रंगीत पडदा त्याच गुंडाळीची नक्कल आहे. उजवी कड म्हणजे आत्ता, आणि डावीकडे सरकत जाणारं सगळं मागे पडलेलं. नवशिके हमखास समजतात की पडद्याच्या डाव्या बाजूला दिसलेला मासा होडीच्या डावीकडे आहे, आणि तिकडे गळ फेकतात. मीही फेकला आहे. होडी एका जागी उभी असेल तर खाली स्थिर असलेली एकच फांदी पडदाभर लांब रेघ ओढत राहते आणि आपल्याला वाटतं केवढा थवा! चालत्या होडीखाली मासा आला तर कमान उमटते. तो आवाजाच्या शंकूच्या कडेला असताना लांब असतो, मधोमध आला की जवळ, पुन्हा कडेला गेला की लांब. कमान अर्धीच आली तर मासा कडेने निसटला असं धरायचं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तलावांवर वापरायचे छोटे डबे निघाले, गोल तबकडीवर निऑनचा दिवा फिरणारे. १९८० च्या दशकात एलसीडी पडदे आले आणि त्यांच्यासोबत माशाच्या आकाराची चिन्हं. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातली सगळ्यात वाईट सोय ती. पाण्यात मधेच काही अडकलं की आतला संगणक मासा काढून मोकळा होतो, शेजारी खोलीचा आकडाही छापतो. आमच्या पहिल्या मशीनवर भीमेच्या जुन्या पात्रालगत असे चौदा मासे एकाच जागी उभे होते. जाळं टाकलं. अर्ध्या तासाने वर आली ती बाभळीची काळी ठिक्कर फांदी, काट्यांसकट, आणि जाळ्याला दोन हात लांबीचं भगदाड. तेव्हापासून ती चिन्हं बंद. प्रत्येक मशीनच्या मेनूत ती बंद करायची सोय असते, घेतल्या दिवशी पहिलं काम ते करावं.

आता उजनी. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. विस्थापन, कालवे, ऊस हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. सोनारवाल्याला त्रास होतो तो एका शब्दाचा: ‘टक्के’. रोज सकाळी पेपरात उजनी इतके टक्के असं येतं. उन्हाळ्यात ते शून्यावर येतं, मग उण्यात जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या आसपास गेलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, शून्य म्हणजे धरण कोरडं आणि उणे म्हणजे काहीतरी छापखान्याची चूक. सोलापूर शहरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येत असताना तसं वाटणं साहजिकही आहे.

हिशेब असा. पूर्ण भरलं की धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त, आणि खालचं सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणजे पेपरात शून्य छापून येतं त्या दिवशी धरणात निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असतं. मृत म्हणायचं आणि त्याच साठ्यातून दुबार पंपिंग करून, म्हणजे पाणी दोनदा उपसून, सोलापूरला पाणी पाजायचं, ही शब्दाची थट्टाच आहे. हा शब्द पाटबंधाऱ्याच्या सोयीचा आहे, पाण्यावरच्या माणसाच्या सोयीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टक्केवारी बदलून एकूण साठ्यावर काढावी असं म्हणणारे आहेत. तसं केलं तर आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांचा, हिशेब कळणार नाही असं म्हणणारेही आहेत, आणि शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही बरोबर आहे. पण होडीतल्या माणसाला दोन्ही टक्क्यांचा उपयोग नाही. त्याला हवी असते पाण्याची पातळी, मीटरमध्ये.

शंभर टक्क्यांना पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९६.८ मीटर, शून्याला सुमारे ४९१. फरक सहा मीटरहून कमी, साधारण एकोणीस फूट. धरण पसरट असल्याने वरच्या थरात एवढ्याशा उंचीत अख्खा उपयुक्त साठा मावतो. खाली खोरं आखडत जातं, तिथे तितक्याच टक्क्यांना पातळी जास्त उतरते. त्यामुळे ‘दहा टक्के कमी झालं म्हणजे दोन फूट उतरलं’ हा शून्याच्या वर कसाबसा चालणारा ठोकताळा उण्यात गेल्यावर दगा देतो. परदेशातल्या तलावांचे नकाशे मशीनमध्ये तयार मिळतात. उजनीवर आपणच होडी फिरवून तळाचा नकाशा नोंदवायचा, तशी सोय आता मध्यम किमतीच्या मशीनमध्येही आहे. दिवाळीत धरण भरलेलं असताना तुम्ही एखाद्या जागी ३० फूट नोंदवलं आणि मे महिन्यात त्याच खुणेवर गेलात, तर तिथे ११ फूटही असेल किंवा पाय टेकतील. म्हणून नोंदीसोबत त्या दिवशीची मीटरमधली पातळी लिहायची. टक्के लिहू नका.

उन्हाळ्यात फुगवटा मागे सरतो तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. सोनारवाल्याने मात्र हाच काळ तळ पाठ करायला वापरावा. जे आज उघडं दिसतं तेच सप्टेंबरात पडद्यावर येणार असतं. करमाळ्याकडच्या एका तात्यांसोबत मी एकदा भर पावसाळ्यानंतर फिरलो. धरणात त्यांचं गाव गेलं तेव्हा ते विशीतले. पडद्यावर तळ चोवीस फुटांवर सरळ चालला होता, एकाएकी चाळीसवर गेला आणि लगेच परत चोवीसवर. मला वाटलं मशीन बिघडलं. तात्यांनी वल्हं थांबवलं, पलीकडच्या टेकाडाकडे आणि मग रेल्वेच्या बाजूला बघितलं. ‘हितं आमच्या भावकीची हीर हुती,’ म्हणाले. आम्ही होडी फिरवून पुन्हा त्यावरून गेलो. पुन्हा चाळीस. तिसऱ्यांदा मात्र विहीर हुकली, कारण आम्ही चार-पाच हात बाजूने गेलो होतो.

विहीर का हुकली, याचं उत्तर मशीन निवडतानाही कामाला येतं. २०० किलोहर्ट्झचा आवाज साधारण वीस अंशांच्या शंकूत जातो. तीस फूट पाण्यात त्याचं वर्तुळ दहा-साडेदहा फुटांचं, बारा फुटांत जेमतेम चार फुटांचं. कमी वारंवारतेचा साठ अंशांचा शंकू तीस फुटांत पस्तीस फूट व्यापतो, पण त्यात बारीकसारीक सगळं एकमेकांत मिसळतं, विहीर दिसली तरी तिचा काठ दिसत नाही. उजनीचा फुगवटा बराचसा उथळ, म्हणून दुकानात शेकडो मीटर खोलीचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात त्याला भुलायचं कारण नाही. आपल्याला दोन शंकू आणि उन्हात वाचता येईल असा पडदा लागतो. २००५ च्या सुमाराला आलेलं बाजूचा तळ दाखवणारं तंत्र बुडालेल्या भिंती आणि झाडं बघायला खरंच भारी आहे, पण पैसे लागतात.

बसवायचं गणित सोपं आहे. मोटारीच्या पंख्यामागे बुडबुडे असतात आणि बुडबुड्यांतून आवाज जात नाही, म्हणून ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, तिथे नको. आम्ही तो बांबूला पाईपच्या क्लॅम्पने आवळून होडीच्या कडेला बांधतो. वीज फवारणी पंपाच्या बॅटरीची: १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. छोटं मशीन अर्धा अँपिअर ओढतं, दिवस आरामात निघतो. डाळिंबाच्या फवारणीचा दिवस असेल तर मात्र बॅटरीवरून घरात वाद होतो.

२०१८ पासून होडीच्या पुढचं पाणी चलच्चित्रासारखं दाखवणारं सोनार बाजारात आहे. मासा गळाकडे वळताना दिसतो. अमेरिकेतल्या काही स्पर्धांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे तो वाद अजून आला नाही, कारण आपल्याकडे वाद आहे वडापचा. वडाप म्हणजे जीप नव्हे, बोटभर पिल्लंही न सोडणारं बारीक आसाचं जाळं. वडापवाल्याला सोनार लागत नाही, आणि तो सगळं खरवडून गेल्यावर आपल्या मशीनला दाखवायला चिलापीही उरत नाही.

एक गोष्ट पडदा दाखवत नाही: वारा. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून तात्या लाईफ जॅकेटशिवाय कुणाला होडीत घेत नाहीत, आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर पाण्यावर थांबत नाहीत, मशीनवर काहीही दिसत असलं तरी.

आमच्या वहीतली गेल्या हंगामातली शेवटची नोंद अशी आहे: पातळी ४९५.२ मीटर, टेकाडाच्या सरळ रेषेत, २१ फूट, तळ कडक, वर सहा फूट उंच काहीतरी उभं. तात्या म्हणतात चिंच. मी पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.