एलायझा किटची निवड

रक्त, पेशी वाढवलेलं मीडियम किंवा टिश्यूचा अर्क यातलं एखादं ठरावीक प्रोटीन किती आहे हे मोजायला कुठलं तयार किट घ्यायचं, ते ठरवणं म्हणजे एलायझा किटची निवड (एलायझा म्हणजे अँटीबॉडी आणि एन्झाइम वापरून प्रोटीन मोजायची पद्धत). ऐकायला खरेदीचं काम वाटतं आणि पुण्यातल्या बऱ्याच लॅबमध्ये ते तसंच उरकतात, तीन कोटेशनं मागवा, स्वस्तातलं उचला, झालं. पण प्रयोग फसला की बोट पिपेटकडे जातं, खरी चूक तीन महिने आधी ऑर्डर देताना झालेली असते.

पद्धत १९७१ ची. स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हान वेमेन आणि श्यूर्स, अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली. त्याआधी रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची रेडिओइम्युनोअॅसे होती, इन्सुलिनसारखं हार्मोन किरणोत्सारी आयोडीन लावून मोजायचं (यालोंना १९७७ ला नोबेल मिळालं, बर्सन १९७२ लाच गेले होते). एलायझाने किरणोत्साराच्या जागी एन्झाइम आणलं. पुढे १९७५ ला क्योहलर आणि मिल्स्टाइन यांनी मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या एकसारख्या, अँटीबॉडी बनवायचं तंत्र काढलं आणि सँडविच किटचा रस्ता मोकळा झाला: एक अँटीबॉडी प्लेटच्या वेलना (छोट्या खड्ड्यांना) चिकटलेली, ती प्रोटीन पकडते, दुसरी वरून बसते, तिच्यावरचं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम टीएमबी नावाच्या रंगद्रव्याला निळं करतं, अॅसिड टाकलं की पिवळं, आणि ४५० नॅनोमीटरला रीडिंग.

पुण्यात एलायझा म्हटलं की लोकांना डेंग्यूच आठवतो, आणि ते बरोबरही आहे, कारण डेंग्यू-चिकुनगुन्याची आयजीएम (संसर्गात सुरुवातीला बनणारी अँटीबॉडी) शोधणारी किट्स इथल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतच बनतात आणि देशभरच्या सरकारी लॅबना जातात, २०२० चं कोविड कवच हे अँटीबॉडी किटही तिथलंच. पण ती किट्स 'आहे की नाही' सांगणारी, तीही पेशंटच्या अँटीबॉडीबद्दल. पाषाण-गणेशखिंड पट्ट्यातल्या संशोधन लॅबना बहुतेक वेळा लागतं ते 'किती आहे' सांगणारं किट, आणि त्याचे नखरे वेगळे.

सुरुवात कॅटलॉगपासून नाही, सॅम्पलपासून करायची. उंदराचं सॅम्पल आणि माणसाचं किट हा प्रकार अजूनही घडतो. आयएल-६ या दाह दाखवणाऱ्या प्रोटीनचंच बघा, माणसाचं आणि उंदराचं जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास जुळतं, त्यामुळे प्लेट कोरी येते आणि विद्यार्थी उंदराला दोष देतो. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) की प्लाझ्मा (न गोठवता वेगळं केलेलं) हेही आधीच ठरवावं, कारण रक्त गोठताना प्लेटलेट्स व्हीईजीएफसारखी प्रोटीन्स सोडतात आणि सीरममधला आकडा फुगतो. माझा स्वतःचा धडा टीजीएफ-बीटा या प्रोटीनचा. पेशींच्या मीडियममध्ये मस्त रीडिंग आली, आनंदाने गाइडना दाखवायला निघालो, मग सहज पेशी न घातलेलं नुसतं मीडियम लावून पाहिलं तर तेही जवळपास तेवढंच पिवळं! त्यात १० टक्के एफबीएस, म्हणजे गाईच्या गर्भाचं सीरम होतं. गाईवर्गाचं आणि माणसाचं तयार टीजीएफ-बीटा-१ अमायनो आम्लांनिशी सारखंच असतं, किटला फरक कळायचं कारणच नाही. शिवाय हे प्रोटीन झोपलेल्या रूपात असतं, आधी अॅसिडने जागं करावं लागतं, ती पायरी किटच्या कागदात असते, पण तो कागद वाचतो कोण.

मग रेंज. जाहिरातीत संवेदनशीलता मिलीलीटरला २ पिकोग्रॅम लिहिलेली असते, पण स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला आलेख) ५०० पासून निम्मं-निम्मं करत ७.८ ला संपतो, म्हणजे भरवशाचं मोजमाप ७.८ च्या वरचंच. निरोगी माणसात आयएल-६ मिलीलीटरला मोजके काही पिकोग्रॅम, त्यामुळे असं किट घेतलं तर बहुतेक सॅम्पल कर्व्हच्या खाली जातात. सीआरपी या रक्तातल्या दाहाच्या प्रोटीनचं उलटं, ते इतकं भरपूर असतं की हजारो पट डायल्यूट करावं लागतं. तसं न करता सॅम्पल आहे तसंच टाकलं तर काही किटमध्ये हुक इफेक्ट होतो, प्रोटीन जास्त आणि रंग कमी.

कागदावर अजून दोन गोष्टी शोधायच्या. एक, एकाच प्लेटमधला सीव्ही (तेच सॅम्पल पुन्हा मोजल्यावर आकडा किती टक्के हलतो) १० टक्क्यांच्या आत आणि प्लेट-प्लेटमधला १५ च्या आत आहे का. दोन, तुमच्याच प्रकारच्या सॅम्पलमध्ये स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेलं प्रोटीन किती परत मोजलं जातं) ८० ते १२० टक्के दिली आहे का. नुसत्या बफरमधली रिकव्हरी दाखवून गप्प बसणाऱ्या किटकडे मी तरी फिरकत नाही. कंपनी बदलली की आकडेही बदलतात, त्यामुळे जुन्या किटचे आणि नव्याचे आकडे एका ग्राफवर मांडू नयेत.

हिशोबात सगळ्यात जास्त गंमत होते. डब्यावर '९६ टेस्ट' असतं आणि प्रपोजलमध्ये ९० सॅम्पलला एक किट धरलेलं असतं. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक (प्रोटीन नसलेली वेल), सगळं डबल, १६ वेल गेल्या, उरल्या ८०, सॅम्पलही डबल, म्हणजे ४० सॅम्पल. ९० ला तीन किट लागतात, आणि तिन्ही एकाच लॉटची (एका वेळी बनवलेल्या खेपेतली) मागवावीत, डीलरला हे फोनवर नाही, लेखी सांगावं. कमी सॅम्पल असतील तर सुट्या होणाऱ्या पट्ट्यांची प्लेट घ्यावी. अँटीबॉडीची नुसती जोडी घेऊन प्लेटवर ती आपणच चिकटवणं (कोट करणं) बरंच स्वस्त पडतं, पण वर्षाला दोन प्लेटच लावायच्या तर त्या कटकटीत पडू नये. आणि सॅम्पल टिकवायला कुणी त्यात सोडियम अझाइड घातलंय का ते विचारावं, त्याने पेरॉक्सिडेज बंद पडतं.

शेवटी लॅबची जागा. किटवर 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं तेव्हा त्यांच्या डोक्यात साधारण १८ ते २५ अंश असतात, एसी नसलेल्या खोलीतली पुण्याची मे महिन्यातली दुपार नाही. अशा दुपारी कडेच्या वेल आधी तापतात आणि मधल्यांपेक्षा गडद येतात, त्यामुळे उन्हाळ्यात प्लेट सकाळी लावतात. गुरुवारी पाणी बंद असेल तर वॉश बफरचं डिस्टिल्ड वॉटर बुधवारीच भरून ठेवायचं.