उकळा, गाळा, झाका : आणीबाणीच्या पाण्याची पूर्वपीठिका

पूर येवो, भूकंप होवो की मुख्य जलवाहिनी फुटो, घरोघरी पोचणाऱ्या सूचना साधारण सारख्याच असतात. माणशी रोज सुमारे ४ लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचे पाणी भरून ठेवा. शंका असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, २,००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटे. भांड्याला झाकण हवे, तोंड अरुंद हवे, आणि घरी भरलेला साठा सहा महिन्यांनी बदलायला हवा. वाचायला अर्धे मिनिट पुरते. जमायला मात्र शेकडो वर्षे लागली, आणि यातली बहुतेक वाक्ये कुठल्या तरी साथीने किंवा युद्धाने लिहून घेतलेली आहेत.

उकळणे यात सर्वांत जुने. इराणचा सम्राट सायरस मोहिमेवर निघाला की कोआस्पिस नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या भांड्यांत भरून, गाड्यांवर लादून सोबत नेत असे, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाण्यासाठी निवळीच्या बिया सांगितल्या आहेत. निवळी काय किंवा तुरटी काय, तरंगणारे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. साठवणीचे गणितही जुनेच, पण ते घराचे नव्हे, नगराचे. वेढा पडला तर तग धरता यावा म्हणून राजधान्या जमिनीखाली टाकी बांधत. इस्तंबूलमध्ये सहाव्या शतकात बांधलेल्या बॅसिलिका टाक्यात ३३६ खांब आहेत आणि सुमारे ८०,००० घनमीटर पाणी मावे.

या सगळ्यात एक गैरसमज मात्र मुक्कामाला राहिला. निवळशंख ते शुद्ध, आणि चवीला गोड ते चांगले. तो मोडायला १८५४ साल उजाडावे लागले. लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला आणि डॉ. जॉन स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपावर गेला. त्यांना सर्वांत पटणारा पुरावा मिळाला तो साथीपासून दूर, हॅम्पस्टेडला. तिथे एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली होती. ती सोहोत फिरकलीही नव्हती, पण त्या पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज बाटलीभर मागवून घेत असे. चवीने दगा दिला, तो असा. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. तोवर साथ ओसरू लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतःच नोंदवले. तो तपशील सांगताना हल्ली गाळला जातो.

गाळण्याची परीक्षा १८९२ मध्ये झाली. जर्मनीतले हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच पुरवत होते. शेजारचे आल्टोना तेच पाणी हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतर खालच्या अंगाला उचलत होते, पण वाळूच्या गाळण्यांतून. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली; आल्टोना बरेचसे वाचले. वाळू फक्त चाळणीचे काम करत नाही. तिच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत साय धरतो आणि तोच रोगजंतू अडवतो. म्हणून नव्याने भरलेल्या वाळूच्या गाळणीवर पहिले काही आठवडे भरवसा ठेवता येत नाही.

घरगुती गाळणीचीही त्याच सुमारास मर्यादा उघडी पडली. पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबेरलाँ यांनी १८८४ मध्ये बिनझिलईच्या चिनी मातीची गाळणी काढली. जीवाणू तिच्यात अडकत. पण १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला, तरी तो रोग पसरवतच राहिला. विषाणूंच्या शास्त्राची सुरुवात अशी एका गाळणीच्या अपयशातून झाली.

क्लोरिन आधी शहरांत आले: इंग्लंडातल्या लिंकनमध्ये १९०५ च्या विषमज्वराच्या साथीत, अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ मध्ये. तिथून ते घरात आले ते सैनिकाच्या खिशातून. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकी फौज कॅनव्हासच्या पिशव्या टांगून त्यांत क्लोरिनयुक्त चूर्ण टाकू लागली. १९१७ मध्ये डेकिन आणि डनहॅम या संशोधकांनी हॅलाझोन या क्लोरिनयुक्त औषधाची गोळी सुचवली; नंतर आयोडीनच्या गोळ्या आल्या. आज आपत्कालीन पिशवीत असते ती गोळी याच घराण्यातली. तिचा एक नियम लोक हमखास विसरतात. गढूळ पाण्यातली घाणच क्लोरिन खाऊन टाकते, त्यामुळे आधी निवळा, कापडाने गाळा, मग औषध घाला आणि अर्धा तास थांबा.

शीतयुद्धाने साठ्याला आकडा दिला. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अणुहल्ला-निवाऱ्यांत आतून प्लास्टिकची पिशवी लावलेली पत्र्याची पिंपे ठेवली गेली. प्रत्येकात १७.५ गॅलन, म्हणजे पाच माणसांचे दोन आठवड्यांचे पाणी. माणशी रोज लिटरही नाही! रिकामे झाले की तेच पिंप शौचकूप म्हणून वापरायचे, अशी सोयही होती. घरांसाठीचा रोजचा गॅलन, म्हणजे हे आजचे ४ लिटर, त्या मानाने चैनच. त्यात पिण्याखेरीज थोडे रांधणे आणि हात-तोंड धुणेही धरलेले आहे.

भांड्याचे तोंड अरुंद का, याचे उत्तर उशिरा मिळाले. १९८० च्या दशकात कोलकात्याच्या वस्त्यांत कॉलऱ्याचा रोगी असलेल्या काही घरांना सुरया देऊन पाहिले, आणि त्या घरांत इतरांना लागण बरीच कमी झाली. कारण साधेच: सुरईत हात बुडत नाही. पाणी उगमाशी चांगले असले तरी घरात पेल्यागणिक बिघडते, हे तेव्हा नीट दिसले. १९९१ मध्ये पेरूपासून लॅटिन अमेरिकेत कॉलरा पसरल्यावर झाकण, तोटी आणि क्लोरिनचे द्रावण अशी जोडणी घरांसाठी रूढ झाली. बांगलादेशात तर जुन्या साडीच्या कापडाने भागले. घड्या घातलेल्या कापडातून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, म्हणजे प्लवकांना, चिकटून असतात. कापड जंतूंना नव्हे, त्यांच्या वाहनाला अडवते.

क्लोरिनवरचा विश्वास अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये डळमळला. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनला दाद देत नाही. शुद्धीकरण केंद्रातून तो निसटला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. उपाय पुन्हा उकळण्याचाच.

उकळण्यावरही ही पाळी आली. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात ईरी सरोवरातल्या शेवाळाचे विष उतरले. ते उष्णतेने मरणारे नव्हे. पाणी आटले की उलट दाट होते. सुमारे ४ लाख लोकांना तेव्हा जी सूचना गेली ती होती, नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. बाटल्यांचे पाणी दुकानांतून काही तासांत संपले. ज्यांनी आधी भरून ठेवले होते, त्यांच्याकडे तेवढे होते.