बूस्टचा काटा उतरला, हवा मात्र वाढली

एका मित्राने त्याच्या जुन्या टर्बो डिझेल फोर-बाय-फोरला मोठा इंटरकूलर बसवला. पहिल्याच चढावर बूस्ट गेजचा काटा पूर्वीपेक्षा जरा खालीच थांबला आणि लगेच त्याचा फोन आला, "फसलो रे!" तो फसला नव्हता. काटा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून पाठवलेल्या हवेचा दाब दाखवतो, हवा किती गेली ते दाखवत नाही. ही गोष्ट समजून घ्यायची तर हवा मुळात का तापते, इथूनच सुरुवात करावी लागेल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. इंटरकूलर इंजिन थंड ठेवत नाही, ते काम रेडिएटरचं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या, जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. इंटरकूलर थंड करतो ती या टर्बोतून इंजिनात जाणारी हवा.

सायकलच्या पंपाने भराभर हवा भरली की पंपाचं टोक चटका देतं. बहुतेकांना वाटतं, घर्षणामुळे. घर्षणाचा वाटा असतो, पण थोडा. खरी गंमत दट्ट्याच्या हालचालीत आहे. स्थिर भिंतीवर आपटलेला चेंडू फार तर आला त्याच वेगाने परततो, पण पुढे येणाऱ्या बॅटवर आपटलेला चेंडू जास्त वेगाने उडतो. पुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर हवेचे रेणू आदळतात तेव्हा हेच घडतं, प्रत्येक रेणू थोडा अधिक वेग घेऊन परततो. आणि रेणूंचा वाढलेला वेग म्हणजेच वाढलेलं तापमान. टर्बोत दट्ट्या नसतो. तिथे मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेणारं चाक हवेला भिरकावतं आणि पुढच्या पसरट वाटेत तिचा वेग मंदावून दाब वाढतो. रस्ता वेगळा, पण चाकाने हवेवर केलेलं काम शेवटी तिच्या तापमानात दिसतंच.

आता थोडं गणित. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन. दाब दुप्पट केला, तर आदर्श स्थितीत केल्व्हिन तापमानाला २ च्या ०.२८६ व्या घाताने, म्हणजे १.२२ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ९६ अंश सेल्सिअस. पण कुठलाही कॉम्प्रेसर आदर्श नसतो. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा १२५ अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही हवा दुप्पट होत नाही, दीडपटच भरते. इंटरकूलरने तीच हवा ६० अंशांवर आणली, तर त्यातल्या जाळीच्या अडथळ्यात दाबाचा विसावा भाग गमावूनही भरणा पावणेदोन पटीच्या जवळ जातो. म्हणजे काटा खाली आणि प्राणवायू जास्त! शिवाय जळणारं डिझेल तेवढंच आणि हवा गार असेल तर एक्झॉस्टही कमी तापतो. मग टर्बोला फिरवणारी ऊर्जाच थोडी घटते, म्हणून काटा आणखी जरासा उतरतो.

"मग ताकद का नाही वाढली?" हा मित्राचा पुढचा प्रश्न. कारण डिझेल इंजिनात ताकद ठरवतं ते पंपातून येणाऱ्या इंधनाचं माप. हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. नुसता इंटरकूलर बदलून मिळतो तो कमी धूर, थंड एक्झॉस्ट आणि लांब चढावर पिस्टनला दिलासा. ताकदीचा फरक दिसतो तो डिझेल वाढवल्यावर, आणि ते वाढवण्याआधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं गेज बसवलेलं बरं. इंधनाच्या नळीला चुंबक बांधून किंवा हवेच्या पाइपात भोवरा फिरवणारी पाती घालून ताकद वाढवण्याचे दावे करणाऱ्यांना मात्र एकच विचारावं: हवेचं वजन नेमकं कुठे वाढलं?

ऑफरोडिंगमध्ये खरी परीक्षा होते ती कमी वेगात, पूर्ण जोर लावताना. वाळूतला लांब चढ घ्या. बूस्ट पूर्ण, समोरून वारा नाही. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला इंटरकूलर अशा वेळी खालून शेकतो आणि बॉनेटवरच्या झरोक्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून काहीजण त्याला पंखा जोडतात. पुढे, रेडिएटरसमोर लावला तर वारा चांगला मिळतो, पण रेडिएटरच्या वाट्याला तापलेली हवा येते. चिखल आणि दगडांचा पहिला मारही इंटरकूलरलाच. होस, म्हणजे हवा नेणारे रबरी पाइप, लांब झाले तर ते भरायला वेळ लागतो, पिकअप किंचित सुस्तावतो.

नवा घेण्याआधी जुना तपासा. बाहेरच्या पात्यांत चिखल आणि किडे बसलेले असतात. ते हलक्या धारेने धुवा, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं, ते इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतं. पण उलटा केल्यावर तेल ओघळलं तर टर्बोचं सील बघा. साचलेलं तेल इंजिनाने एकदम ओढलं, तर किल्ली बंद करूनही इंजिन त्याच तेलावर पळत राहू शकतं. गळतीची तपासणी सोपी आहे: दोन्ही तोंडं घट्ट बंद करा, नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नाही इतका दाब भरा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुचांना क्लिपा हव्यातच, सुटलेलं बूच गोळीसारखं उडतं. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी जिथे दाबून बसवलेली असते, ती कड आधी बघा. चढावर काळा धूर आणि बॉनेटखाली फुसफुस असेल, तर आधी होस आणि क्लिपाच तपासा.

मित्राचा जुना इंटरकूलर अजून कोपऱ्यात पडला होता. आम्ही तोच बंद करून दाब भरला. टाकीच्या कडेला, बोटभर लांबीत, फेस उठला.