‘जास्त वॅटची बॅटरी लांब फेकते’ हे खरं नाही

शेतीला रात्री लाईट येते तेव्हा उसाला पाणी पाजायला जाणारा बॅटरी घ्यायला निघाला की सल्ला ठरलेला: जास्त वॅटची घे, लांब फेकते. कोल्हापुरात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि हा समजही तितकाच मुरलेला. पण तो चुकीचा आहे.

वॅट म्हणजे ती वीज किती खाते. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड किती पडतो. झोत किती लांब जाणार हे ठरतं कँडेलावर, म्हणजे तो उजेड एका दिशेला किती एकवटलाय त्यावर. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही, पण चिळकांडी लांब जाते, तसंच. म्हणून काचेतून आत बघा. रिफ्लेक्टर खोल, रुंद, गुळगुळीत हवा आणि एलईडीचा ठिपका एकच, बारीक. पाच-सहा एलईडींचा पुंजका अख्खं अंगण उजळेल, पण बांधापलीकडचा गवा दाखवणार नाही.

खोक्यावरचे मीटरही जपून वाचा. ४०,००० कँडेलाला ४०० मीटर लिहितात, पण तिथं उरतो ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. जनावर ओळखायचं तर निम्मं अंतर धरा, तेही धुकं नसेल तर. अंतर दुप्पट हवं असेल तर कँडेला चौपट लागतात.

आणि बॅटरीत बसणाऱ्या १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब रिचार्जेबल सेल) ‘९९०० एमएएच’ अशी साठवणक्षमता छापलेली दिसली तर सरळ ठेवून द्या. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३,५०० च्या आसपासच मावतात.